पायातली गुठळी: सूज उतरली, आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवू का?

तुमच्या आईच्या पायात गुठळी झाली होती, दीड महिन्यात सूज उतरली, दुखणंही गेलं, म्हणून गोळ्या थांबवाव्यात का असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. मी डॉक्टर नाही, याच दुखण्यातून गेलेला रुग्ण आहे, आणि मलाही नेमका याच वेळी गोळ्या सोडून द्यायचा मोह झाला होता.

सगळा गैरसमज ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या नावामुळे होतो. या गोळीनं रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळीही विरघळत नाही. रक्त गोठण्याची जी साखळी असते, तिची एखादी कडी ती अडवते. त्यामुळे गुठळी वाढत नाही, नवी होत नाही. जुनी गुठळी शरीरच हळूहळू विरघळवतं, त्याला आठवडे-महिने लागतात. सूज गेली तरी आत काम चालूच असतं. मध्येच औषध सुटलं, गुठळी वाढली आणि तिचा तुकडा फुफ्फुसात जाऊन अडकला, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून खोल शिरेतल्या गुठळीला साधारण किमान 3 महिने उपचार देतात. ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर बहुतेकदा तिथे थांबतात. कारण सापडलं नाही तर पुढेही चालू ठेवायचा विचार होतो.

गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. वॉरफेरिन असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी चुकवू नका. गुठळीसाठी तो आकडा सहसा 2 ते 3 मध्ये ठेवतात. हे औषध रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणतं. पालेभाज्यांत हे व्हिटॅमिन भरपूर असतं, म्हणून लोक त्या पार बंद करतात. तशी गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवलं की पुरे. वॉरफेरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं, हे वाचून मी फार घाबरलो होतो. पण 1954 पासून ते माणसांसाठी वापरात आहे, आणि आयएनआर मोजतात ते डोस नेमका ठेवण्यासाठीच.

एपिक्साबान, रिव्हारोक्साबान याही अशाच गोळ्या, पण यांना आयएनआर लागत नाही. मात्र त्यांचा परिणाम एखाद्या दिवसात ओसरतो, त्यामुळे इथे विसरणं जास्त महागात पडतं. रिव्हारोक्साबानची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच द्या, पोटात अन्न नसेल तर ती नीट शोषली जात नाही.

अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनानं देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला काळं झालं, लघवीतून रक्त आलं, डोक्याला मार लागला, किंवा अचानक दम लागून छातीत दुखलं, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून लिहून घ्या: गुठळी कशामुळे झाली असावी, आणि गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे कोणत्या तारखेला ठरवणार. मी ती तारीख औषधाच्या डब्यावरच चिकटवून ठेवली होती.