दचकलो खूप, घाबरलो कुठे?

वाचकांचे प्रश्न : मठ, नन आणि सैतान

'द नन' (२०१८) आणि त्याच्या गोतावळ्यातल्या, म्हणजे 'द कॉन्ज्युरिंग' मालिकेतल्या, भयपटांबद्दलचे काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी : १९५२ साली रुमानियातल्या एका मठात एक नन गळफास घेते. व्हॅटिकन चौकशीसाठी फादर बर्क आणि अजून व्रत न घेतलेली सिस्टर आयरीन यांना पाठवतं. मठात वालाक नावाचा सैतान ननच्या वेशात वावरत असतो. उत्तरांत पुढच्या घटनांचाही उल्लेख आहे, तेव्हा कोरं मन ठेवून पाहायचा असेल तर आधी चित्रपट पाहून घ्या.

प्रश्न : पहिल्या दोन-तीन वेळा खुर्चीतून उडालो. नंतर नन अगदी समोर आली तरी ढिम्म काही वाटेना. आम्ही निबर झालो की चित्रपटातच खोट आहे?

खोट चित्रपटात आहे. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. मोठा आवाज अचानक कानावर आदळला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास डोळे मिटलेले असतात, विचाराला तेवढ्यात जागाच नसते. पण तोच धक्का त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा दिला की शरीर त्याला दाद देईनासं होतं. 'द नन'मधल्या बऱ्याच प्रसंगांची बांधणी एकाच साच्यातली आहे. पात्र अंधाऱ्या बोळात शिरतं. संगीत थांबतं, पाठोपाठ वाऱ्याचा, पावलांचा आवाजही काढून घेतला जातो. कॅमेरा रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो, पात्राकडे परत येतो, आणि पाठीमागून धडाम! अर्ध्या तासात प्रेक्षकाला कळतं की शांतता पसरली म्हणजे आता आकडे मोजायचे. तो आधीच अंग आवळून बसतो आणि धक्का वाया जातो.

हाच सैतान 'द कॉन्ज्युरिंग २'मध्ये (२०१६) कसा आणला आहे ते ताडून पाहा. भुताखेतांचा छडा लावणाऱ्या लोरेनच्या घरात ननचं चित्र भिंतीला लावलेलं आहे. खोली काळोखी. भिंतीवरून एक सावली हळूहळू सरकत येते, तिची घाई नाही, तिच्याबरोबर मोठा आवाजही नाही. ती चित्रामागे जाऊन थांबते आणि सावलीचं डोकं चित्रातल्या डोक्याशी जुळतं. मग चौकटीच्या दोन्ही कडांवर बोटं दिसतात. काय होणार हे प्रेक्षकाला तीन पायऱ्या आधी कळलेलं असतं आणि तरीही ते थांबत नाही, म्हणून घशाला कोरड पडते. भीतीला माहिती लागते. दचकण्याला लागत नाही.

'द नन'मध्ये असं एक तरी आहे : फादर बर्क जिवंत गाडले जातात तो प्रसंग. कबरीवर घंटा, दोरी आत, म्हणजे चुकून पुरलेल्याने ओढावी. हा नियम आपल्याला ठाऊक झालेला असतो, त्यामुळे आयरीन आवाजावरून कबर शोधू लागते तेव्हा प्रत्येक टोल अंगावर येतो. (अशा घंटेच्या शवपेट्यांच्या कल्पना खरोखरच निघाल्या होत्या, पण त्या मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या.)

प्रश्न : समीक्षकांनी झोडपलं, ओळखीतले सगळे 'ठीक' म्हणाले, तरी एवढा गल्ला कसा?

सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ३६ कोटींहून अधिक कमावले, हे खरं. पण त्या पैशाचा आकार पाहा. अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत सुमारे ५ कोटी ३८ लाख आणि शेवटपर्यंत सुमारे ११ कोटी ७५ लाख. म्हणजे जवळपास ४५ टक्के कमाई पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत उरकली. 'द कॉन्ज्युरिंग'ची (२०१३) पहिली उडी लहान होती, सुमारे ४ कोटी १९ लाख, आणि एकूण सुमारे १३ कोटी ७४ लाख. तिथे हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येतं. पहिला आठवडा जाहिरात खेचते, पुढचे आठवडे पाहून आलेली माणसं खेचतात. 'द नन'ला लोक ननचा चेहरा आधीच ठाऊक असल्यामुळे गेले, शेजाऱ्याने सांगितलं म्हणून फारसं कुणी गेलं नाही.

गुणांचे आकडे वाचतानाही घोळ होतो. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे सरासरी गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कौल बरा, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी 'चालेल' म्हटलं तरी १०० टक्के होतात. सिनेमास्कोअर पहिल्या दिवशी चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून ए प्लस ते एफ अशी श्रेणी देतं. त्यात 'द नन'ला सी मिळाला, 'द कॉन्ज्युरिंग'ला ए मायनस. भयपटांना इथे एरवीही हात आखडताच मिळतो, कारण ही श्रेणी 'अपेक्षा पुरी झाली का' हे मोजते. जाहिरातीने धावपळीचा भयपट दाखवला आणि पडद्यावर संथ, कोड्यात टाकणारं काही निघालं, तर चांगल्या चित्रपटालाही डी मिळतो. तेव्हा सी वाचून चित्रपट टाकाऊ ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर तो किती टिकला ते बघा.

मत लिहिताना 'भीती वाटली नाही' एवढ्यावर थांबलात तर ते कुणाच्याच कामाचं नाही. कुठल्या प्रसंगाला, कुठला नियम मोडल्यामुळे पकड सुटली, ते लिहा.

प्रश्न : मठातलं खरं किती? सलग प्रार्थना, पांढरी-काळी वस्त्रं, तिथल्या तिथे घेतलेलं व्रत…

यात बरंच खरं आहे आणि जिथे खोटं आहे तिथेच कथा लटपटते.

अखंड आराधना काही संप्रदायांत खरोखर चालते. वेदीवर, किरणांच्या आकाराच्या सोनेरी पात्रात, पवित्र केलेली भाकर ठेवतात आणि तिच्यासमोर रात्रंदिवस कुणी ना कुणी प्रार्थनेला असतं. हे पाळीने होतं. तासातासाची पाळी आणि एका वेळी दोघी धरल्या तर दिवसाला ४८ पाळ्या भरायच्या. मठात बारा जणी असतील तर प्रत्येकीला रोज चार, त्यात रात्रीची जवळपास ठरलेलीच. दोघी आजारी पडल्या की साखळी ताणली जाते. भीतीचा केवढा सोन्यासारखा ऐवज! पाळी चुकली तर काय, झोप लागली तर काय? चित्रपट हे सगळं बाजूला सारून थेट सैतान उडवायला लागतो.

रात्रीची शेवटची प्रार्थना झाल्यावर पहाटेपर्यंत मौन, हाही जुना नियम. वस्त्रांचं म्हणाल तर शिकाऊ ननचं शिरोवस्त्र बहुधा पांढरं आणि व्रत घेतलेलीचं काळं, पण संप्रदायागणिक रंग बदलतात.

व्रताचा प्रसंग मात्र घाईचा. १९५२ साली कॅथलिक चर्चच्या कायद्यांची १९१७ची धर्मसंहिता लागू होती. तिच्यानुसार आधी किमान एक सलग वर्ष उमेदवारी, मग तीन वर्षांचं तात्पुरतं व्रत, त्यानंतर कायमचं. व्रत स्वीकारणार तेही संप्रदायाचे अधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. चौकशीला आलेल्या एखाद्या फादरने सैतानाच्या तावडीत सापडलेल्या मठात उरकण्याचा हा विधी नाही.

सगळ्यात मोठी गफलत काळाची. रुमानियात तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. ग्रीक-कॅथलिक चर्चवर १९४८ मध्येच बंदी आली होती आणि त्याच सुमारास रोमन कॅथलिक मठांवरही टाच आली. देश मुळात बहुसंख्य ऑर्थोडॉक्स, म्हणजे व्हॅटिकनला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. व्हॅटिकनची माणसं १९५२ मध्ये निवांत घोडागाडीतून मठाकडे जातात, हे सैतानापेक्षा अवघड वाटतं. सरकारी पहारा दाखवला असता तर कथेला आणखी एक भिंत मिळाली असती. आणि चित्रपटात ज्या कार्त्साचं नाव घेतलं आहे तिथला खरा मठ सिस्टर्शियन नावाच्या संप्रदायातल्या पुरुषांचा होता, तो १४७४ मध्येच बंद झाला.

प्रश्न : सैतान घालवण्याचा विधी खरंच असा आरडाओरडीचा असतो?

विधीची जुनी संहिता १६१४ची. सुधारित विधी थेट १९९९ साली आला, म्हणजे १९५२च्या कथेला जुनाच लागू. ही संहिता वाचली की पटकथाकारांनी काय गमावलं ते कळतं. तिचा पहिलाच सल्ला असा की कुणी पछाडलं आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका. खुणा दिल्या आहेत : न शिकलेली भाषा बोलणं, दूरचं किंवा लपलेलं सांगणं, वयाला न शोभणारी ताकद. धर्मगुरूने अंगात पांढरा झगा, गळ्यात जांभळा पट्टा घालायचा. संतांची नामावली, स्तोत्र, शुभवर्तमानातले उतारे, मग आज्ञेच्या प्रार्थना असा क्रम. पीडित स्त्री असेल तर तिची प्रतिष्ठित माणसं सोबत हवीत. सैतानाला नाव विचारायचं, पण त्याच्याशी फालतू गप्पा मारायच्या नाहीत. पडद्यावर नेमका याचाच विसर पडतो, आणि सैतान पंधरा मिनिटं भाषण ठोकत बसतो.

बिशपची खास परवानगी लागते, आणि ती कुणाही धर्मगुरूला मिळत नाही. चर्चच्या आजच्या धर्मसंहितेत हा नियम कलम ११७२ मध्ये आहे. धर्मनिष्ठा, ज्ञान, विवेक आणि निर्मळ चारित्र्य असलेल्यालाच ती द्यावी, असं तो म्हणतो.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) आजही अंगावर येतो तो हे टप्पे चुकवत नाही म्हणून. आधी डॉक्टर, मानेतून सुई घालून केलेली रक्तवाहिन्यांची तपासणी, मानसोपचार. सगळे हात टेकतात तेव्हा चर्च, मग परवानगी, आणि विधी अगदी शेवटच्या भागात. तोवर प्रेक्षकाकडेही दुसरा मार्ग उरलेला नसतो. मुलीच्या खोलीचा सेट खरोखर गोठवला होता. तोंडातून निघणारी वाफ नटांचीच आहे.

प्रश्न : क्रूस उलटा झाला म्हणजे सैतान आला, असंच ना?

नाही. उलटा क्रूस हे ख्रिस्ताचे शिष्य संत पीटर यांचं चिन्ह आहे. परंपरेनुसार, आपण ख्रिस्तासारखं मरायला लायक नाही असं म्हणून त्यांनी स्वतःला उलटं खिळून घेतलं. पडद्यावर भीती वाटते ती भिंतीवर सरळ टांगलेला क्रूस कुणीही हात न लावता फिरतो याची.

प्रश्न : वालाक हे नाव खरं की बनवलेलं?

नाव जुनं आहे. सतराव्या शतकातल्या एका मंत्रग्रंथात ७२ आत्म्यांची यादी आहे, त्यात हा ६२वा. पण तिथे तो ननबिन नाही. देवदूताचे पंख असलेला मुलगा, दोन तोंडांच्या ड्रॅगनवर बसलेला. लपलेली धनं कुठे आहेत आणि साप कुठे सापडतील ते सांगतो. चित्रपटात मधूनच साप येतात ते बहुधा इथूनच. ननचा वेश मात्र पूर्णपणे चित्रपटवाल्यांचा, आणि तोच त्यांचा हुकमी एक्का ठरला.

प्रश्न : घरी पाहताना सगळं काळंकुट्ट दिसतं, संवाद ऐकू येत नाहीत आणि नन आली की शेजारी उठतात. उपाय?

आवाजाचा गोंधळ मिक्सिंगचा, म्हणजे संवाद आणि धक्के यांच्या पातळ्या ठरवण्याचा आहे. चित्रगृहात पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलच्या मापाला लावलेला असतो आणि धक्क्यासाठी त्यावर २० डेसिबलची मोकळीक. घरी संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की धक्काही तितकाच वाढतो. सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' दाबण्याची सोय शोधा आणि चालू करा. टीव्हीचेच स्पीकर असतील तर ध्वनी ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. साउंडबारला मधला चॅनल वेगळा असेल तर तो २-३ डेसिबलने वर घ्या. आवाजाची पातळी संवादाच्या प्रसंगावर ठरवा, सुरुवातीच्या बोधचिन्हावर नको.

चित्रासाठी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड घ्या. खोलीतल्या उजेडानुसार चित्र मंद करणारा सेन्सर, वीजबचत आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. 'ब्राइटनेस' नावाची पट्टी बऱ्याच टीव्हींत काळ्याची पातळी ठरवते. चित्राच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसू लागेपर्यंत ती वाढवा, मग एक पायरी मागे घ्या. तरीही सावल्या डांबरासारख्या दिसल्या तर प्लेअर आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज जुळते का बघा, प्लेअर 'फुल' आणि टीव्ही 'लिमिटेड' असेल तर असंच होतं. अंधारात पट्टे-पट्टे दिसत असतील तर बऱ्याचदा दोष टीव्हीचा नसतो, स्ट्रीमिंगची गुणवत्ता कमी निवडली गेलेली असते.

प्रश्न : कथेतल्या वर्षांप्रमाणे पाहू की प्रदर्शनाप्रमाणे?

प्रदर्शनाप्रमाणे. 'द नन'चा शेवट २०१३च्या 'द कॉन्ज्युरिंग'मधल्या एका व्याख्यानाच्या प्रसंगाला जाऊन भिडतो, तो आधी पाहिलेला नसेल तर शेवटची दोन मिनिटं डोक्यावरून जातील.