अडकलेली बिलं

"अठरा वर्षं मी जे करत आले, ते त्यानं एका दुपारी करून दाखवलं."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलून मोकळ्या झाल्या. 'तो' म्हणजे माणूस नव्हे, बिलं वाचणारं सॉफ्टवेअर. वय चौरेचाळीस, नोकरी एका कंपनीच्या लेखा विभागात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खरेदीची ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही कागद जुळले की पैसे द्यायला मंजुरी, हे त्यांचं काम. आता जुळणारी बिलं परस्पर पास होत होती, आणि त्यांची झोप उडाली होती. "मशीनच सगळं करणार, तर माझी गरज काय?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी घेऊन येतं.

रात्री त्या मोबाइलवर जाणाऱ्या नोकऱ्यांच्या याद्या वाचत. एक आकडा डोक्यात घट्ट बसला होता : ४७ टक्के. तो २०१३चा, फ्रे आणि ऑस्बोर्न या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांबद्दल मांडलेला : इतक्या नोकऱ्या यंत्रांकडे जाण्याचा मोठा धोका आहे. त्यांनी अख्खा व्यवसाय एकक धरला होता. २०१६मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात प्रत्येक नोकरीतली कामं सुटी करून पाहिली, तर तोच धोका सुमारे ९ टक्क्यांवर आला. दोन्ही आकडे चॅटजीपीटीच्या आधीचे, त्यामुळे ९वर विसंबून निश्चिंत व्हा असं मी सांगितलं नाही. मला त्यातली पद्धत उपयोगी वाटली. नोकरी म्हणजे कामांचं गाठोडं. ते सोडून पाहावं लागतं.

पण हे मला दुसऱ्या भेटीत सुचलं. पहिल्या भेटीत मी त्यांना डेटा विश्लेषणाचा कोर्स सुचवला होता. तिसऱ्या आठवड्यात तो सोडून त्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त खचलेल्या. "मला हेही जमत नाही," म्हणाल्या. चूक माझी होती. भीती नेमकी कशाची हे विचारायच्या आधीच मी उपाय हातात ठेवला.

मग वही ठेवायला सांगितली. दोन आठवडे, नियमात न बसणारं जे जे समोर येईल ते लिहायचं.

"त्यात काय लिहायचं? ते काम थोडंच आहे!"

वहीतल्या नोंदी त्रोटक होत्या. एका पुरवठादाराचं बिल दोनदा आलं होतं, एकदा क्रमांक ४५, एकदा ००४५. सॉफ्टवेअरच्या लेखी दोन वेगळी बिलं. दुसरा पुरवठादार खोक्यांवर बिल करतो आणि गोदामात नग मोजतात, त्यामुळे त्याचं प्रत्येक बिल अडकतं. एका खोक्यात चोवीस नग हे या बाईंना तोंडपाठ. आणि एका पानावर एवढंच : "फोन केला. मेल खोटी."

ते मी त्यांना उलगडून सांगायला लावलं. पुरवठादाराच्या नावानं मेल आली होती, की आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे नव्या खात्यात टाका. बाईंनी मेलमधल्या नंबरवर नव्हे, फाइलमधल्या जुन्या नंबरवर फोन लावला. समोरच्यांनी अशी मेल पाठवलीच नव्हती.

"शंका कशी आली?"

"ते कधी 'आदरणीय' लिहीत नाहीत हो. एका ओळीत उरकतात."

मग मी त्यांना लिझॅन बेनब्रिज यांचं म्हणणं सांगितलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९८३मध्ये दाखवून दिलं होतं, की यंत्र सोपं काम उचलतं आणि अवघड तेवढं माणसावर सोडतं, वर रोजचा सराव सुटल्यानं माणसाच्या हातातलं कसबही जातं. मी हे धीर द्यायला सांगत होतो. बाईंनी दुसराच धागा पकडला. "मग दोन वर्षांनी अडकलेलं बिल मला तरी कळेल का?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्यांनीच ठरवलं, दर आठवड्याला पास झालेली वीस बिलं काढून हातानं तपासायची. दुसऱ्याच महिन्यात एक पुरवठादार सापडला. सॉफ्टवेअर ऑर्डर आणि बिलातला २ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतं, आणि याचं प्रत्येक बिल २ टक्क्यांच्या जरा आत, पण कायम जास्तच!

साहेबांशी बोलायचं होतं, त्याची आम्ही तालीम केली. बाईंचं पहिलं वाक्य होतं, "माझी नोकरी राहील ना?" ते काढायला लावलं. साहेब खरं उत्तर देऊ शकत नाहीत, आणि खोटं ऐकून झोप येत नाही. त्याऐवजी विचारलं, की अडकलेली बिलं कोण सोडवणार आणि फरकाची मर्यादा कोण ठरवणार. सोबत वहीवरून काढलेलं एक पान.

विभागात सहा जण होते, चार राहिले. बाई राहिल्या. त्या पानामुळेच राहिल्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांची ज्येष्ठताही कामी आली असेल. कपात झालेले दोघं शिकण्यात कमी पडले असंही नाही. 'शिकत राहा, मग भीती नाही' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. कंपनीच्या निर्णयाचं ओझं ते गुपचूप नोकरदाराच्या डोक्यावर ठेवतं.

शेवटच्या भेटीत तक्रार वेगळीच होती. नव्या मुलीला अडकलेली बिलं शिकवायची होती.

"तिला 'आदरणीय'ची गोष्ट सांगितली. हसली आणि लिहून घेतलं. पण पुढची खोटी मेल 'आदरणीय' लिहून थोडीच येणार आहे?"

"मग?"

"मग काय, रोज अर्धा तास शेजारी बसवते. खऱ्या मेल वाचायला."