काशीचं वजन कमी करू का?

प्रश्न : बाई, मी परभणीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक कॉमिक काढतेय. साल २०८६. मराठवाड्यात पाणी फक्त ‘जलमंडळ’ देतं आणि पंचावन्न किलोच्या वरच्या बाईला अर्धंच कूपन मिळतं. माझी नायिका काशी टँकर दुरुस्त करते. ती माझ्या आत्यासारखी आहे, अंगानं भरलेली, दंडानं जाड. ज्यांना पानं दाखवली ते म्हणतात, अशी नायिका कोण वाचणार? निदान शेवटी तरी तिला बारीक कर. घरी माझ्यासाठी स्थळं बघतायत. दोन ठिकाणांहून ‘मुलगी जाड आहे’ म्हणून नकार आला. काशीच्या नावाखाली मी माझंच रडगाणं काढतेय का? आणि नुसती जाड बाई काढली म्हणजे तो स्त्रीवाद होतो का? (सोबत पहिली सहा पानं पाठवतेय.)

उत्तर : पोरी, काशीचा एक किलोही कमी करू नकोस. शेवटी ती बारीक झाली तर जलमंडळाचंच म्हणणं खरं ठरतं. तिला पुरं कूपन मिळेल, वजनाचा काटा आहे तिथंच राहील आणि रांगेत तिच्या मागं उभी असलेली बाई तहानलेलीच घरी जाईल.

केली सू डीकॉनिक ही लेखिका आणि व्हॅलेंटाइन डी लँड्रो हा चित्रकार यांनी २०१४ मध्ये अमेरिकेत ‘बिच प्लॅनेट’ ही कॉमिक-मालिका सुरू केली. पुरुषांच्या राज्यात न जुमानणाऱ्या बायकांना दुसऱ्या ग्रहावरच्या तुरुंगात धाडतात. त्यांच्यावर शिक्का बसतो ‘नॉन-कम्प्लायंट’. आपल्याकडं अशा मुलीला ‘वळण नसलेली’ म्हणतात. तिसऱ्या अंकात पेनी रोल नावाच्या धिप्पाड बाईची गोष्ट येते. तिच्या मनातलं स्वतःचं आदर्श रूप आरशात दिसावं म्हणून सत्ताधारी तिला यंत्र लावतात. सडपातळ कुणीतरी दिसेल, या खात्रीनं सगळे बघत बसलेले. आरशात पेनीच दिसते, आहे तश्शी. आणि ती हसते. त्या पानावर मी किती वेळा परत गेले असेन! मालिकेतल्या त्या शिक्क्याची ‘एनसी’ ही दोन अक्षरं पुढं कित्येक वाचक बायकांनी अंगावर गोंदवून घेतली.

मी एकतीस वर्षं लातुरात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला ‘पाणवठ्यावरील स्त्रिया’ हे स्मरणचित्र मुलांकडून दरवर्षी काढून घ्यायचे. दरवर्षी सगळ्यांची बाई एकच : डोक्यावर घागर, कंबर मुठीत मावेल एवढी. याच मुलांच्या आया सकाळी हापशावर असायच्या आणि त्यातली एकही तशी नव्हती. स्मरणचित्र म्हणायचं आणि स्मरण कॅलेंडरवरच्या बाईचं! हे मला फार उशिरा खटकलं. तोवर मीही त्या चित्रांना चांगले मार्क देत आले होते, याचं आजही वाईट वाटतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत एक वहिनी होत्या. अंगानं थोराड, पोरं त्यांना मागून ‘टाकी’ म्हणायची. टँकर आला की नळी त्यांच्याच हातात. दोन्ही पाय फाकवून, पदर कमरेला खोचून, नळी मांडीशी दाबून धरायच्या. पाण्याचा दाब एवढा असायचा की दुसऱ्या कुणाच्या हातात ती ठरत नसे. एकेकीची घागर भरली की कोपरानं बाजूला सारायच्या, थेंब सांडू द्यायच्या नाहीत. तेव्हा त्यांचं चित्र काढायचं मला सुचलं नाही. तू काशी काढतेयस, म्हणून जीव सुखावला.

आता तुझ्या कथेत कुठं कच्चं आहे ते सांगते. पंचावन्न किलोचा नियम कुणाच्या फायद्याचा, हे सहा पानांत कुठंच कळत नाही. बाईच्या शरीरावरचा नियम कुणाच्या तरी हिशेबातून येतो. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मजुरीची उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, खाडा पडला की दंड. पाळीत दुखलं तरी फडात उतरायचं आणि डॉक्टरनं ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं की कर्ज काढून ऑपरेशन करून यायचं. तुझ्या २०८६ पेक्षा हे भयंकर आहे आणि इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर घडलेलं आहे. म्हणून जलमंडळाची नोंदवही दाखव. उरलेली अर्धी कूपनं कुठं जातात? काटा कोण दुरुस्त करतो? काशी मेकॅनिक आहे, तिला काटा उघडता येतो. तू स्त्रीवादाचं विचारलंस, तो मला तिथं दिसतो.

चौथं पान परत काढ. काशी टँकरखाली शिरलीय, पण कंबर वळवून छाती आणि तोंड आपल्याकडं केलंय. व्हॉल्व्ह खोलणारी बाई अशी वळत नाही. २०१२ मध्ये ‘हॉकआय इनिशिएटिव्ह’ नावानं चित्रकारांनी इंटरनेटवर हॉकआय या कॉमिकमधल्या पुरुष नायकाला नायिकांच्या पोजमध्ये काढून दाखवलं होतं. तूही तुझ्या कथेतल्या मुकादमाला काशीच्या जागी काढून बघ, चूक कुठं झाली ते लगेच दिसेल. हाताला लागलेली ही सवय माझीही होती, ती मोडायला वेळ लागतो.

रडगाण्याचं म्हणशील तर, त्या दोन नकारांचं दुःख खरं आहे. ते कथेत आलं तर येऊ दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त काशी अजून तुझ्यासारखीच उभी राहतेय, खांदे आत ओढून. आत्या तशी उभी राहते का? सुट्टीत तिच्याकडं जा, हातात पाना दे आणि समोर बसून काढ. ब्लाउजची बाही दंडाला घट्ट बसते तिथली ताणलेली शिवणसुद्धा.