पाण्याबाहेरचे पाच तास

मागच्या महिन्यात या सदरात समुद्रातल्या रिलेचा, म्हणजे संघाने आळीपाळीने पोहत जाण्याचा, ओझरता उल्लेख केला आणि टपाल त्याच विषयाने भरलं. बहुतेक पत्रं विद्यापीठांच्या जलतरण क्लबांमधल्या मुलामुलींची आहेत. मीही त्याच वाटेने आले. चार वर्षं क्लबात काढली, शेवटचं वर्ष कॅप्टन होते, आणि सहा जणांच्या रिलेत दोनदा समुद्रात उतरले. म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना देते आहे.

प्रश्न : ताई, आमच्या क्लबाचा सहा जणांचा संघ पुढच्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडी रिलेने पोहणार आहे. निवडीत मी सहावी आले. बाकीचे पाचही जण सगळ्यात वेगवान लेनमधले आहेत, मी त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये पोहते. माझ्यामुळे संघ मागे पडेल या विचाराने झोप लागत नाही. नाव मागे घेऊ का? (द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर : नाही, नाव मागे घेऊ नकोस.

आधी आकडे बघू. समज, तू तासाला २,८०० मीटर पोहतेस आणि तुमच्यातले वेगवान ३,३००. फरक पाचशे मीटरचा. तुझ्या वाट्याला दोन खेपा आल्या तर एक किलोमीटर. खाडीची रुंदी सगळ्यात अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर आहे, पण भरती-ओहोटीचा प्रवाह पोहणाऱ्याला आडवा ओढत नेतो आणि पाण्यातली वाट नागमोडी होते. तेव्हा हा एक किलोमीटर काहीच नाही असं मी म्हणणार नाही. किनारा समोर दिसत असताना प्रवाह फिरला, तर तेवढ्यासाठी दोन-तीन तास जास्त मोजावे लागू शकतात. तुझा वेग वाढवायला तुझ्याकडे वर्ष आहे, तो वाढव.

पण रिले वेगामुळे जितकी फसते, त्याहून जास्त वेळा माणसं दुसऱ्यांदा पाण्यात उतरू न शकल्यामुळे फसते. नियम तुला ठाऊक असतील. प्रत्येकाने एकेक तास पोहायचं, क्रम सुरुवातीला ठरतो, मग बदलत नाही. एकाने जरी आपला तास सोडला तरी रिले तिथेच संपते, बाकीचे पाच जण ताजेतवाने असले तरी. सहा जणांच्या संघात पहिल्या नंबरचा माणूस पहिल्या, सातव्या आणि वेळ लागलाच तर तेराव्या तासाला पोहतो. म्हणजे एक तास पाण्यात आणि मधले पाच तास डुलणाऱ्या बोटीवर, ओल्या केसांनी, वाऱ्यात. त्या पाच तासांत तू काय करतेस आणि दुसऱ्यांसाठी काय करतेस, यावर संघ पलीकडे पोचतो की नाही हे ठरतं.

माझ्या पहिल्या रिलेत माझा नंबर चौथा होता. पहाटे तीनला निघालो होतो, मी सहाला उतरले. तास संपवून शिडीने वर आले तेव्हा बोटं एकमेकांना चिकटवता येत नव्हती, खेकड्याच्या नांगीसारखी फाकली होती. जॅकेटची चेन हातात यायची आणि निसटायची. आमच्यातली सगळ्यात हळू पोहणारी मुलगी समोर बसली होती. तिचा नंबर सहावा. तिला बोट लागली होती, तोवर दोनदा कठड्याशी जाऊन ओकून आली होती. ती उठली, काही न विचारता माझी चेन गळ्यापर्यंत ओढली, लोकरी टोपी कानांवर घातली, थर्मासमधलं गरम सरबत कपात ओतून माझ्या दोन्ही हातांत दिलं. मी इतकी थरथरत होते की ते सांडायला लागलं. मग तिने आपले दोन्ही तळवे माझ्या हातांवर धरले आणि कप रिकामा होईपर्यंत सोडले नाहीत. तासाभराने तिचा नंबर आला. बदलाच्या दहा मिनिटं आधी ती कॅप-गॉगल लावून शिडीपाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. उतरली आणि पूर्ण तास पोहली. त्या दिवशी आम्ही पलीकडे पोचलो. कोण किती मीटर पोहलं हे आज मला आठवत नाही, तो कप आठवतो.

तेव्हा सराव कसला करायचा, तर दुसऱ्या खेपेचा. सकाळी तासभर थंड पाण्यात पोह. बाहेर ये, अंग कोरडं कर, कपडे घाल, निदान तीन तास बाहेरच बस, थोडं खा आणि परत उतर. पहिल्यांदा परत उतरताना सगळं शरीर नको म्हणेल. चौथ्या-पाचव्या वेळेला तेवढं म्हणणार नाही. आणि तुमच्या कॅप्टनला विचारून क्रमातली शेवटची जागा घे. रिले बारा तासांच्या पुढे गेली तर तिसरी खेप आधी पहिल्या नंबरवर येते, तिथे तुमचा सगळ्यात दमदार माणूस असू दे.

प्रश्न : तरण तलावात मी चार किलोमीटर सहज पोहतो. परवा पहिल्यांदा क्लबाबरोबर १४ अंशांच्या तलावात उतरलो आणि श्वासच घेता येईना. छाती आवळली, दोन मिनिटांत बाहेर आलो. हृदयाचं काही असेल का? की मी घाबरट आहे? (एक वाचक)

उत्तर : घाबरट अजिबात नाही. हृदयाचं मात्र पत्रावरून मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. रिलेसाठी वैद्यकीय तपासणी तशीही लागतेच.

जे झालं ते बहुतेकांना होतं. कातडीला अचानक गार पाणी लागलं की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं आणि मग धाप लागते. त्यावर इच्छाशक्तीचा ताबा फारसा चालत नाही. ही धाप पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जोरात असते आणि मग उतरते. तुम्ही नेमके ती उतरायच्या वेळेला बाहेर आलात. धोका असतो तो त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असण्याचा. म्हणून उडी मारायची नाही, चालत उतरायचं. कमरेपर्यंत आलात की थांबा, मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारा, तोंडाने लांब उच्छ्वास सोडत राहा. एखादं वाक्य न तुटता बोलता आलं की मगच पोहायला लागा. बरोबर कोणीतरी हवंच, एकट्याने कधीही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ उतरलात तर ही धाप खूपच कमी होते. मला आठ दिवस लागले, आमच्यातल्या एकाला महिना लागला.

आता बाहेर आल्यानंतरचं, कारण क्लबातली मुलं चुकतात ती इथेच. पाण्यातून निघाल्यावरही शरीराचं आतलं तापमान आणखी काही वेळ उतरतच राहतं. बाहेर आल्या आल्या आपल्याला ठीक वाटतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपण कुडकुडायला लागतो, ते यामुळे. त्या दहा मिनिटांत फोटो, गप्पा काही नाही. ओले कपडे उतरवा, अंग टिपा, आधी वरच्या अंगाचे कपडे चढवा, मग टोपी, मग मोजे. गरम गोड काहीतरी घोट घोट प्या. लगेच गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहू नका, भोवळ येऊन पडायला होतं. आणि कुडकुडणारा माणूस भलतंच बोलायला लागला, जीभ अडखळायला लागली, किंवा कुडकुडणं थांबूनही तो सुस्त झाला, तर त्याला झोपवून गुंडाळा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

प्रश्न : मी क्लबाचा कॅप्टन आहे. आमचा सगळ्यात वेगवान पोहणारा रिलेत आहे, पण तरण तलावातल्या स्पर्धांचं कारण सांगून समुद्राच्या सरावाला येत नाही. ‘एका तासाचा तर प्रश्न आहे,’ असं म्हणतो. त्याला काढलं तर संघ दुबळा होईल, क्लबात दोन तट पडतील. काय करू? (अंतिम वर्षाचा विद्यार्थी)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी पत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

मी कॅप्टन असताना आमच्याकडेही असाच एक मुलगा होता. तलावात त्याच्या पायांमागे राहणंही आम्हाला जमत नसे. तो थंड पाण्यात दोनदाच आला, दोन्ही वेळा अर्धा तास पोहला, लागोपाठच्या दोन खेपांचा सराव एकदाही केला नाही. मला ते खटकत होतं. पण त्याला बोलले तर तो संघच सोडेल या भीतीने मी गप्प बसले. त्याचा नंबर तिसरा होता. पहिल्या खेपेत त्याने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त अंतर काटलं, आम्ही कठड्याशी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नवव्या तासाला तो दुसऱ्यांदा उतरला. मी घड्याळ लावून त्याच्या हातांचे फटके मोजत होते. सुरुवातीला मिनिटाला ६८. वीस मिनिटांनी ५४. मी हाक मारून विचारलं, तुझा नंबर कितवा? त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. निरीक्षकांनी बोट थांबवायला सांगितली. त्याला वर घेतलं तेव्हा तो स्वतःचा गॉगल काढू शकत नव्हता. रिले संपली. तो बरा झाला, संध्याकाळपर्यंत चालतही होता. पण त्याला त्या पाण्यात तशा अवस्थेत उतरू देणारी मी होते. संघ दुबळा होईल म्हणून मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला होता, हे मला त्या परतीच्या प्रवासात कळलं.

म्हणून सांगते, याच आठवड्यात बोला. चारचौघांत नाही, एकट्याला गाठून. तारीख द्या: अमुक तारखेपर्यंत एका दिवसात दोन खेपांचा सराव तीनदा झालेला असेल तो बोटीवर येईल. हाच नियम सहाही जणांना, तुम्हाला स्वतःलाही. सातवा राखीव पोहणारा आजपासूनच सरावाला घ्या. निघण्याआधी माणूस बदलायचा तर त्याचीही वैद्यकीय तपासणी आणि पात्रतेचं पोहणं झालेलं असावं लागतं, ते शेवटच्या आठवड्यात होत नाही. त्या मुलाला एवढं जरूर सांगा की पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने खेचून घेतं, आणि त्याच्यासारख्या सडपातळ, पिळदार मुलांना ते आधी गाठतं. त्याचा वेग त्याला यातून वाचवणार नाही.

तट पडले तर पडू देत. क्लबातले तट पुढच्या वर्षी मिटतात.

प्रश्न : बोट लागू नये म्हणून काय करावं? वेटसूट चालतो का? (एक वाचक)

उत्तर : खाडीच्या पारंपरिक नियमांत वेटसूट नाही: साधा बिनबाह्यांचा कॉश्च्युम, एक कॅप, गॉगल आणि घासू नये म्हणून अंगाला ग्रीस. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी घ्यायच्या असतात. मळमळायला लागल्यावर त्यांचा फार उपयोग होत नाही. सरावाच्या दिवशी एकदा घेऊन बघा, काहींना त्याने झोप येते. बोटीवर मोकळ्या हवेत बसा, नजर क्षितिजावर ठेवा, फोनकडे बघू नका.

प्रश्न : आमची रिले अकराव्या तासाला वारा वाढल्यामुळे थांबवावी लागली. दोन महिने झाले, क्लबात कोणी त्याबद्दल बोलत नाही. सरावाला येणंही कमी झालं आहे. पुन्हा प्रयत्न करावा असं मला वाटतं, पण विषय काढायला धजत नाही. (क्लबाची खजिनदार)

उत्तर : खाडी पोहून जाणारे पहिले म्हणून ओळखले जाणारे मॅथ्यू वेब १२ ऑगस्ट १८७५ रोजी खाडीत उतरले आणि खवळलेल्या समुद्रामुळे त्यांना प्रयत्न सोडावा लागला. २४ तारखेला ते परत उतरले आणि २१ तास ४५ मिनिटांनी पलीकडे पोचले. भारताच्या जलतरणपटू आरती साहा यांचा १९५९ मधला पहिला प्रयत्न किनारा टप्प्यात आल्यावर प्रवाहाने हाणून पाडला. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, त्यांनी खाडी पार केली. तुमच्या सहा जणांपैकी एकानेही आपला तास सोडला नाही, वाऱ्याने थांबवलं. पत्रात तुम्ही हे ज्या ओळीत लिहिलंय ती ओळ सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

विषय काढायची सोपी वाट तुमच्याच हातात आहे, कारण हिशेबाची वही तुमच्याकडे आहे. सगळ्यांना एकदा खर्चाच्या हिशेबासाठी म्हणून बोलवा. त्या दिवशी बोटीवर काय काय झालं ते एकेकाला सांगू दे, तुम्ही सुरुवात करा. आणि बैठकीच्या आधी बोटीच्या चालकाला फोन करून पुढच्या मोसमातली भांगाच्या भरतीची कोणती तारीख मोकळी आहे ते विचारून ठेवा. उधाणापेक्षा तेव्हा प्रवाह मंद असतो, म्हणून ते आठवडे वर्ष-दोन वर्षं आधीच भरतात. फोन आजच करा.