जखमा आधी भरायच्या की अधिकार आधी द्यायचे?

प्रश्न : मी एका सामाजिक संस्थेच्या समितीवर काम करतो. ज्या समूहावर अनेक वर्षे अन्याय झाला, त्याचे सहा प्रतिनिधी आम्ही दोन वर्षांपूर्वी समितीवर घेतले. परंतु बैठकीत ते क्वचितच बोलतात. एका सहकाऱ्याच्या मते जुन्या जखमा भरल्याखेरीज ते मोकळे होणार नाहीत, म्हणून आधी संवाद-शिबिरे घ्यावीत. दुसऱ्याच्या मते हा निव्वळ वेळकाढूपणा असून आधी अधिकार द्यावेत. आपले मत काय?

उत्तर : माझा कौल आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याकडे झुकतो. तरीही मनाची जखम भरून येण्याला वेळकाढूपणा म्हणणे मला मान्य नाही. मराठीत सांत्वन दुसऱ्याचे ‘करतात’, जखम मात्र ज्याची त्याची ‘भरते’. बाहेरच्याने फार तर ती स्वच्छ करावी, बांधावी आणि पुन्हा त्याच जागी लागणार नाही एवढे पाहावे. यातले शेवटचे काम सत्तेच्या वाटपाशी निगडित आहे, आणि शिबिरे आखताना नेमका त्याचाच विसर पडतो.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९५ च्या कायद्यानुसार तेथे सत्य आणि सलोखा आयोग स्थापन झाला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष झाले आणि १९९६ पासून जाहीर सुनावण्यांत वर्णद्वेषी राजवटीचे बळी ठरलेल्यांनी आपली कहाणी सर्वांसमोर सांगितली. सुमारे २१,००० जणांनी निवेदने दिली. जे आजवर नाकारले गेले होते ते अधिकृतपणे नोंदले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु आयोगाच्या रचनेतच एक असमतोल होता. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांची संपूर्ण कबुली देणाऱ्यास माफी देण्याचा अधिकार आयोगाच्या माफी समितीला होता आणि तिचा निर्णय बंधनकारक होता. पीडितांच्या भरपाईचा विचार करणाऱ्या समितीला मात्र केवळ शिफारस करता येत होती. माफीचे बहुतेक अर्ज फेटाळले गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; पण ज्याला माफी मिळाली त्याला ती निर्णयाबरोबरच मिळाली, आणि ज्याने सोसले त्याला सरकारच्या मर्जीची वाट पाहावी लागली. आयोगाने सहा वर्षे दरसाल रक्कम देण्याचे सुचविले होते; सरकारने २००३ मध्ये एकदाच प्रत्येकी ३०,००० रँड देण्याचे जाहीर केले. आपले दुःख सर्वांसमोर मांडणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात काय मिळणार हे दुसराच ठरवत असेल, तर त्या मांडण्याने मन हलके होण्याऐवजी फसवले गेल्याची भावना उरू शकते.

कॅनडात क्रम बराच वेगळा होता. तेथे सुमारे १,५०,००० आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यात आले होते. त्या शाळांतून वाचलेल्यांनी न्यायालयात दावे लावले, त्यातून झालेली तडजोड २००७ मध्ये अमलात आली, आणि भरपाई व सत्यशोधनाचा आयोग ही दोन्ही त्या तडजोडीचीच कलमे होती. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती त्यानंतर, जून २००८ मध्ये. म्हणजे तेथे सलोख्याची प्रक्रियाच पीडितांनी कायद्याच्या बळावर मिळवली होती. तरीही सारे सुरळीत झाले असे नाही. आयोगाच्या अहवालात २०१५ मध्ये मांडलेल्या ९४ मागण्यांपैकी अनेक आजही पूर्ण झालेल्या नाहीत. पण आपल्या समितीसाठी यातला मुद्दा उपयोगी आहे : बोलावे की नाही, कोणापुढे आणि कोणत्या अटींवर, हे ठरविण्यात त्या लोकांचा वाटा होता.

आता आपल्या सहा सदस्यांकडे येऊ. त्यांचे मौन जुन्या दुःखामुळे आहे असे आपण गृहीत धरले आहे. बोलून काही बदलत नाही, हे त्यांनी दोन वर्षांत ओळखले असण्याचीही शक्यता आहे, आणि तसे असेल तर ते मौन म्हणजे व्यवहारी शहाणपण होय. बैठकीची विषयपत्रिका कोण तयार करते, इतिवृत्त कोण लिहिते, खर्चाचा मसुदा त्यांच्या हाती किती दिवस आधी पडतो, बैठकीसाठी त्यांचा रोजगार बुडतो का, आणि एखादा ठराव त्यांना रोखून धरता येतो का, हे तपासा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सहा खुर्च्या वाढल्या, सत्ता जागीच राहिली.

शिबिरे घ्यायचीच असतील, तर ती त्या सदस्यांनी मागितली तर घ्यावीत आणि संचालक त्यांनीच निवडावा. प्रत्येक नव्या कार्यशाळेत त्यांच्याकडून तीच कहाणी पुन्हा वदवून घेऊ नये. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, सांगणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. उलट, आजवर निर्णय घेत आलेल्या जुन्या सदस्यांसाठी एखादे शिबिर मी आवर्जून सुचवेन. अधिकार सोडताना येणारी भीती आणि अपमानाची भावना हीदेखील खरी असते. तिचा निचरा वेगळ्या जागी झाला नाही, तर ती बैठकीत नियमांच्या आडून बाहेर पडते.

प्रश्न : सर्वांना सारखे देणे म्हणजेच न्याय नव्हे काय? समन्याय हा वेगळा शब्द कशासाठी?

उत्तर : सुरुवात सारखी असेल तर सारखे देणे न्याय्य ठरते, ती सारखी नसेल तर जुनी तफावत जशीच्या तशी पुढे जाते. ही तफावत लक्षात घेऊन वाटप करणे म्हणजे समन्याय. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिकांच्या सभांतून अंदाजपत्रकातील गुंतवणुकीचे प्राधान्य ठरविण्याची पद्धत सुरू झाली. तेथे निधी वाटताना विभागाच्या लोकसंख्येबरोबरच त्याने निवडलेली प्राधान्ये आणि तेथील सुविधांची उणीव यांनाही गुण दिले जात, त्यामुळे ज्या विभागात सांडपाण्याची वा रस्त्यांची सोय नव्हती त्याचे पारडे जड होई. समन्याय तेथे भाषणात नव्हता, वाटपाच्या सूत्रात होता, आणि ते सूत्र कोणालाही तपासता येत होते. मात्र २०१७ मध्ये महापालिकेने ही पद्धत स्थगित केली. म्हणून वर ज्यांनी समितीविषयी विचारले आहे त्यांनाही माझी सूचना आहे की, नव्या सदस्यांना जे अधिकार द्याल ते संस्थेच्या घटनेत लिहा, आणि ते काढून घ्यायचे झाल्यास त्या सदस्यांच्याही बहुमताची अट घाला.