अडचण दाखव

प्रिय मुली,

तुझी चांद्रयान-३ वरची चार मिनिटांची फिल्म दोनदा पाहिली. "सगळे छान म्हणाले, पण प्रश्न एकानेही विचारला नाही, नवा कॅमेरा घेऊ का?" असं लिहिलंयस. कॅमेऱ्याचा इथे काही संबंध नाही. पहिली पन्नास सेकंदं तू तिरंगा, टाळ्या आणि व्हायोलिन लावलंस. ज्याला आधीच टाळ्या वाजवायला लावलं, तो विचारणार काय? अडचण दाखव.

चांद्रयान-३ हा विषय उत्तम आहे. मग २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी पावणेसहाला सुरुवात कर. विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, चंद्रापासून ३० किलोमीटर उंचीवर, वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. या वेगाने मुंबईहून निघालं तर दीड मिनिटात पुणं येतं. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूट निरुपयोगी. पृथ्वीला विचारून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात यान चार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे सगळे निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे आहेत. इथे थांब. दोन सेकंद काहीही बोलू नकोस. सहावीतलं पोरही मनात म्हणेल, "मग ते थांबणार कसं?" आता ८०० न्यूटनची चार इंजिनं दाखव, ज्यांचा जोर कमीजास्त करता येतो. तुझ्या फिल्ममध्ये इंजिनं सुरुवातीलाच येऊन जातात. प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर कुणाच्या लक्षात राहत नाही.

चांद्रयान-२ ला तू तीन सेकंद दिलीस, तीही उदास संगीतावर. याचा मला राग आला. सप्टेंबर २०१९ मध्ये ते उतरताना काय बिघडलं हे इस्रोने उघड सांगितलेलं आहे: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, यानाला वेगाने वळायची गरज पडली पण सॉफ्टवेअरने वळण्यावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. पुढच्या वेळी ती जागा ४ किलोमीटर बाय २.५ किलोमीटर केली. खडूने जमिनीवर हे दोन चौकोन प्रमाणात काढ, छोटा मोठ्याच्या आत, आणि वरून एकच शॉट घे. अॅनिमेशनचा खर्च शून्य. अपयश दाखवलं की लोक खचतात असं म्हणणारे तुला भेटतील. हे मला कधीच पटलेलं नाही. अंतराळावर फिल्म करणाऱ्या आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं अभिमानच दाखवला आणि बघणाऱ्याला कोडं दिलंच नाही, याची खंत आहे. म्हणून इतकं ताणून सांगतोय.

आता तुझ्या सेटवरचा चंद्र. वाळू वापरलीस, तिचे दाणे मोठे, म्हणून लगेच खेळणं वाटतं. चाळलेली राख आणि सिमेंट मिसळ, नाकावर मास्क लाव. दिवा एकच, लांब ठेवलेला, जमिनीपासून जेमतेम वीस अंशांवर. विक्रम ६९ अंश दक्षिणेला उतरला, तिथे सूर्य फार वर येतच नाही. बाकी तिन्ही बाजूंना काळं कापड, नाहीतर भिंतीवरून उजेड परततो आणि सावल्या राखाडी होतात. फोन जमिनीला टेकवून धर. त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्याने मागचं धूसर झालं की छोटं मॉडेल उघडं पडतं. धूळ उडवायला पंखा नको. हवेशिवाय धूळ तरंगत नाही, सरळ कमान करून खाली पडते. आकाशात तारे टाकलेस ते काढ. उन्हातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर लावलं की तारे दिसत नाहीत.

गुरुत्वाकर्षण "सहापट कमी" असं नुसतं बोलू नकोस. एक मीटरवरून सोडलेला चेंडू इथे ०.४५ सेकंदात पडतो, चंद्रावर १.१ सेकंदात. सेकंदाला ६० फ्रेमने शूट कर, २४ वर चालव. अडीचपट संथ होतं आणि जवळजवळ बरोबर बसतं. दोन्ही चेंडू शेजारी शेजारी दाखव.

शेवट सभागृहातल्या जल्लोषावर करू नकोस. विक्रमच्या चास्ते या उपकरणाने मातीत सळई खुपसली तेव्हा वर सुमारे ५० अंश सेल्सिअस आणि अवघ्या ८ सेंटिमीटरवर उणे १० अंश निघाले. माती उष्णता इतकी कशी अडवते? तळहात मातीवर आडवा धर, तेवढंच अंतर. हात दिसू दे आणि काळा पडदा. उत्तर देऊ नकोस.

व्हॉइसओव्हर साडेतीनशे शब्दांत बसव. तू सहाशे कोंबलेस, म्हणून धाप लागल्यासारखं वाटतं. फिल्म एखाद्या शाळेत दाखव, पण "आवडली का?" असं विचारू नकोस. दिवे लागल्यावर मुलं आपापसांत पहिलं वाक्य काय बोलतात ते लिहून घे आणि नव्या कटबरोबर मला पाठव. पहिल्या पन्नास सेकंदांचं संगीत मात्र आधी काढून टाक.