फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुलं गळली, आता दांडी कापायची का?

दांडी हिरवी असेल तर बुंध्यापासून कापू नका. खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापा. पेरावरच्या पापुद्र्याखाली डोळा असतो. शेंडा गेला की तो बऱ्याचदा फुटतो आणि दोन-तीन महिन्यांत नव्या फाट्यावर कळ्या धरतात (पहिल्या बहराइतक्या नाहीत, पण येतात). माझ्या खिडकीतल्या झाडांना मी हेच करतो. वाळून तपकिरी झालेली दांडी मात्र मुळाशी छाटा. पानं सुरकुतलेली किंवा मुळं कुजलेली असतील तर हिरवी दांडीही काढून टाका, नाहीतर फुलांच्या नादात झाड खचतं. कापण्याआधी कात्रीचं पातं ज्योतीवर धरून गार करा. ऑर्किडचे विषाणू कात्रीवरूनही पसरतात.